इंजिन नवं बांधलं, मग आत ठोकतंय कोण?

जुनी गाडी. इंजिन पूर्ण उतरवलं, ब्लॉक बोअर केला, क्रँक ग्राइंड करून घेतला, पिस्टन-रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, हेडला (सिलेंडरवरच्या झाकणाला) फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट. कित्येक महिन्यांनी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, सगळ्यांचे चेहरे खुलले, आणि तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "थांबा जरा, हा टक-टक आवाज कसला?"

इथून पुढे चार माणसं आणि पाच मतं. एकाला बेअरिंग वाटतं, दुसऱ्याला टॅपेट, तिसरा पेट्रोलला नावं ठेवतो. कुणी आवाज फोनवर रेकॉर्ड करून जाणकाराला पाठवतो. त्याचा फार उपयोग नाही, कारण फोनचा माइक खोल आवाज नीट पकडत नाही आणि टॅपेटची टिकटिक, रॉडचा ठोका सगळं एकसारखंच ऐकू येतं.

माझं म्हणणं असं, की आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो हे विचारावं. थंड इंजिनात की गरम? गाडी उभी असताना की चढावर? पाय दाबताना की सोडताना? या प्रश्नांची उत्तरं मिळवायला एकही बोल्ट सोडावा लागत नाही, आणि संशयितांची यादी मात्र निम्म्याहून खाली येते.

## आत काय काय हलतं

सिलेंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. त्याला गजन पिनने कनेक्टिंग रॉड जोडलेला असतो. यापुढे नुसतं रॉड म्हणू. रॉडचं खालचं टोक क्रँकशाफ्टला कवेत घेतं आणि त्या दोघांच्या मध्ये मऊ धातूचं बेअरिंग असतं. खुद्द क्रँक ब्लॉकमध्ये मेन बेअरिंगांवर फिरतो. नीट चालणाऱ्या इंजिनात इथे धातूला धातू टेकत नाही, मध्ये तेलाचा पातळ थर असतो. हा थर किती पातळ? क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) २ इंचांचा असेल तर फट साधारण दीड ते दोन थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस त्याहून जाड असतो.

वर कॅमशाफ्ट टॅपेट नावाच्या भागामार्फत व्हॉल्व उघडतो. क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक होते. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

## आग ठोकते की धातू?

इंजिनातल्या ठोक्यांची दोन घराणी आहेत. एकात आवाज जळणाऱ्या मिश्रणाचा असतो. त्याला मी इथे नॉकिंग म्हणेन. दुसऱ्यात सैल झालेला धातूचा भाग आपटत असतो. त्याला ठोका म्हणू. गोंधळ होतो तो दोन्हींना एकाच नावाने हाक मारल्यामुळे.

ओळखायची पहिली खूण सोपी आहे. नॉकिंगला भार लागतो. वरच्या गिअरमध्ये चढ चढताना पाय दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी किणकिण येते, पाय जरा सैल केला की थांबते. गाडी जागेवर उभी करून हवेत रेस केली तर ती सहसा ऐकूच येत नाही. याउलट इंजिन स्लोवर असतानाही ठक-ठक चालू असेल, तर पेट्रोल बदलून काही होणार नाही.

## नॉकिंग म्हणजे नेमकं काय

प्लगची ठिणगी पडली की सगळं मिश्रण एकदम फुटतं असा समज असतो. तसं होत नाही. वाळलेल्या गवताला एका कडेने आग लावली तर ती सरकत सरकत दुसऱ्या कडेला जाते, तशी ज्वाळा प्लगपासून पसरत जाते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर या प्रवासाला साधारण ३ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात पलीकडच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ते हद्दीबाहेर तापलं तर ज्वाळा पोचायच्या आधी स्वतःच पेटतं, एकाच क्षणी, सगळंच्या सगळं. त्या धक्क्याने सिलेंडरमधला वायू घंटेसारखा थरथरतो. साधारण ८६ मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलेंडरमध्ये हा नाद ६ ते ७ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणूनच तो इतका धातूमय वाटतो.

याचा शोध कसा लागला ती गोष्टही मजेची आहे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंगच्या बॅटरी इग्निशनवर नॉकिंगचा ठपका ठेवला जात होता. त्याचा सहकारी थॉमस मिजली याने शोध घेतला, तेव्हा दोष ठिणगीत नसून इंधनात आहे असं दिसलं. १९२१ मध्ये त्यांना पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायचा उपाय सापडला. नॉकिंग थांबलं, पण विषारी शिसं त्यानंतर जवळजवळ शतकभर हवेत जात राहिलं. गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल जगातून पूर्ण बंद झालं ते थेट २०२१ मध्ये.

ऑक्टेन आकडा म्हणजे इंधन स्वतःहून पेटायला किती कुरकुर करतं त्याचं माप. आकडा मोठा म्हणजे ताकद जास्त, हा गैरसमज. आकडा मोठा म्हणजे सहनशक्ती जास्त, एवढंच.

## पण आधी तर असं होत नव्हतं!

बरोबर. कारण आधीचं इंजिन आणि आताचं इंजिन सारखं राहिलेलं नाही. बांधताना काय काय बदललं, याची यादी काढा.

पहिला संशयित हेडचं फेसिंग. समजा एका सिलेंडरमध्ये पिस्टन ४८० घन सेंटीमीटर जागा व्यापतो आणि वर दाबलेल्या मिश्रणाला ८० घन सेंटीमीटर जागा उरते. ५६० भागिले ८०, म्हणजे मिश्रण सातव्या हिश्शाच्या जागेत दाबलं जातं, प्रमाण ७. यालाच कॉम्प्रेशन रेशो म्हणतात. आता हेड घासलं, गॅस्केट थोडं पातळ मिळालं आणि वरची जागा ८ घन सेंटीमीटरने कमी झाली. हिशेब होतो ५५२ भागिले ७२, सुमारे ७.७. बोअर वाढवल्याने यात आणखी थोडी भर पडते. जुन्या आखणीच्या चेंबरला एवढा फरक जाणवतो. हेड याआधी किती वेळा घासलं गेलंय हे तर अनेकदा कुणालाच माहीत नसतं.

दुसरा संशयित टायमिंग, आणि माझ्या मते आधी इथेच हात घालावा. ठिणगी कधी पडावी हे झोपाळ्याला धक्का देण्यासारखं आहे. झोपाळा मागे येतोय तेव्हाच ढकललात तर त्याला जोर मिळत नाही, तुमची मनगटं मात्र दुखतात. ठिणगी फार आधी पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या तोंडावर दाब बसतो आणि नॉकिंग होतं.

"टायमिंग लाइट लावून खुणेवर बरोब्बर बसवलंय," असं उत्तर येतं. हा लाइट ठिणगीबरोबर लुकलुकून पुलीवरची खूण दाखवतो. खूणच खोटी असेल तर? अनेक इंजिनांत पुढच्या पुलीची बाहेरची रिंग आतल्या भागाला रबराने चिकटवलेली असते. वर्षानुवर्षांनी ते रबर सुटतं, रिंग सरकते, आणि तिच्यावरची खूण पिस्टनची जागा चुकीची सांगू लागते. तपासायची रीत अशी: बॅटरी सोडा, प्लग काढा, पहिल्या सिलेंडरच्या प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवेल असा स्टॉपर बसवा. क्रँक हाताने हळूच एका दिशेला अडेपर्यंत फिरवा, पुलीवर खूण करा. मग उलट दिशेला अडेपर्यंत फिरवा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे पिस्टनची खरी सर्वांत वरची जागा. छापलेली खूण तिथे नसेल तर अर्धं कोडं सुटलं.

प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या असतील तर वेग वाढताच ठिणगी गरजेपेक्षा पुढे पळते. ठिणगी पुढे नेणारी दुसरी यंत्रणा व्हॅक्युमची. तिची नळी काढून, तिचं तोंड बंद करून तोच चढ पुन्हा चढून बघा. किणकिण गेली तर कुठे बघायचं ते कळलं.

उरलेले दोन संशयित पटकन सांगतो. कार्ब्युरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून हवा चोरून आत गेली तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि ते जास्त तापतं. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचंही असंच. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं असतं, पण त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटने (पेट्रोल सोडणाऱ्या छिद्राने) सोडलेलं पेट्रोल कमी पडू शकतं. आणि प्लग चुकीच्या हीट रेंजचा, म्हणजे उष्णता पुरेशी बाहेर न टाकणारा असेल तर त्याचं टोक लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. हे नॉकिंगपेक्षा वाईट, कारण पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. प्लग काढून त्याचं पांढरं पोर्सेलिन भिंगाखाली धरा. त्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक चमकते ठिपके असतील, तर ते वितळलेल्या पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं.

## मग जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून प्रश्न मिटेल ना?

कधी मिटतो, कधी फक्त झाकला जातो. १९२८ ते १९३१ ची फोर्ड मॉडेल ए घ्या. तिचं मूळ कॉम्प्रेशन ४.२२. आजचं साधं पेट्रोलसुद्धा तिच्या गरजेपेक्षा कितीतरी वरचं आहे. अशा गाडीत किणकिण येत असेल तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. त्या गाडीत ठिणगी पुढे-मागे करायचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो आणि तो चालवणाऱ्याने हाताने हलवायचा असतो. आजच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस चढावर तो मागे घ्यायला विसरतो. इंजिन निर्दोष, चालक नवा!

## धातूचा ठोका: आधी मोजा, मग ऐका

आता दुसरं घराणं. इथे मघाचं दोनास एक प्रमाण उपयोगी पडतं. टायमिंग लाइटचा चिमटा पहिल्या प्लगच्या वायरला लावा. दिवा क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा लुकलुकतो. इंजिन स्लोवर ठेवून दिव्याकडे बघत आवाज ऐका. दर लुकलुकीला एक टक येत असेल तर संशय कॅम, टॅपेट, व्हॉल्व यांच्यावर. दर लुकलुकीला दोन येत असतील तर खाली, क्रँकच्या बाजूला. ही कसोटी शंभर टक्के पक्की नाही. पिस्टनचा आवाज ज्वलनाच्या घावाशी बांधलेला असला तर तोही दोन फेऱ्यांत एकदाच येतो.

म्हणून दुसरी चाचणी, आणि ही माझी सगळ्यात आवडती. एकेका सिलेंडरची ठिणगी बंद करायची. वायर इन्सुलेटेड पकडीने काढा आणि टोक ब्लॉकला टेकवून अर्थिंग करा. हवेत लोंबकळत ठेवलं तर कॉइलचं इन्सुलेशन फुटू शकतं. ठिणगी गेली की त्या पिस्टनवर घाव बसत नाही. एखाद्या सिलेंडरला आवाज एकदम दबला, तर त्याचा रॉड किंवा पिस्टन हाच मुद्देमाल. शेजारशेजारचे दोन सिलेंडर मिळून बंद केल्यावर खोल धप-धप कमी झाली, तर त्या दोघांमधलं मेन बेअरिंग. कुठलाही बंद केला तरी फरक नाही, तर मामला बहुधा ज्वलनाशी बांधलेला नाही: टॅपेट, टायमिंगची साखळी किंवा बाहेरचा एखादा भाग.

रॉडच्या ठोक्याची आणखी एक खूण आहे. मालगाडीचे डबे आठवा. इंजिन ओढत असतं तेव्हा जोड ताणलेले असतात, ब्रेक लागला की डबे एकमेकांवर येतात, आणि खडखडाट होतो तो ताण बदलण्याच्या त्या क्षणाला. सैल रॉडचंही तेच. गरम इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास नेऊन धरा आणि पाय अगदी हळू सोडा. ना ओढ ना ढकल अशा अवस्थेत ठोका उघडा पडतो.

गजन पिन सैल असेल तर स्लोवर दुहेरी टक-टक येते. ठिणगी काढल्यावर तिचा ढंग बदलतो, पण ती नेहमी कमी होतेच असं नाही. थांबून थांबून येणारी धप क्लच दाबताच बदलली, तर क्रँक पुढे-मागे सरकतोय का ते पाहा.

आवाजाची जागा शोधायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप उत्तम. नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर किंवा लाकडी दांडका कानाच्या हाडाला टेकवूनही चालतं. फॅन आणि पट्ट्यापासून केस-कपडे दूर ठेवा. आणि ध्यानात असू द्या, की लोखंडातून आवाज लांबवर पळतो. सर्वांत मोठा जिथे ऐकू येतो तिथून फार तर चौकशी सुरू करायची.

## ढोंगी आवाज

सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खोलण्याआधी या मंडळींची झडती घ्या. कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाच्या दांडीची स्प्रिंग तुटली की तो हुबेहूब रॉडसारखा ठोकतो. त्याच्या अंगावर हात ठेवला तरी ठोका जाणवतो. फ्लायव्हीलचे बोल्ट सैल असतील तर मेन बेअरिंगची नक्कल होते: स्लोवर इग्निशन बंद करा आणि इंजिन थांबता थांबता पुन्हा चालू करा, त्या झटक्याला एक ठक आला तर गाठ तिथे आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून फुसफुसणारा वायू टॅपेटसारखी टिकटिक करतो आणि लोखंड तापून फुगलं की गप्प होतो. नवं बांधलेलं इंजिन असेल तर हे तिन्ही जास्त संभवतात, कारण हे तिन्ही भाग नुकतेच कुणीतरी काढून बसवलेले असतात.

## सगळं नवं आहे, तर बेअरिंग वाजेल कसं?

नवं म्हणजे बरोबर, असं नाही. रॉड आणि त्याची खालची टोपी ही जोडी एकत्र बसवून मग त्यांचं भोक गोल केलेलं असतं. दोन रॉडच्या टोप्यांची अदलाबदल झाली, किंवा टोपी उलटी बसली, की भोक गोल राहत नाही. म्हणून दोन्हींवर आकडे ठोकलेले असतात आणि ते एकाच बाजूला यावे लागतात. क्रँक १० थाउ घासला आणि बेअरिंग मूळ मापाचं बसवलं, तर २ थाउची फट १२ वर जाते. अशी चूक सुरू करताच ओरडते, त्यामुळे ती निदान लवकर कळते.

उशिरा कळणाऱ्या चुका जास्त वाईट. मशीनिंगचा कीस तेलाच्या वाटांमध्ये राहून जातो. तेलाच्या वाटेचं एखादं बूच लावायचंच राहतं. पहिल्यांदा सुरू करण्याआधी पंप फिरवून तेल वरपर्यंत पोचवलेलं नसतं आणि पहिले काही सेकंद बेअरिंग कोरडंच फिरतं. पंपाच्या दाबाने तेल पुरवणाऱ्या इंजिनात मिनिटाला दर १००० फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक), असा ढोबळ हिशेब सांगतात. तेल उडवून वंगण करणाऱ्या जुन्या इंजिनांना तो लागू नाही. तिथे रॉडच्या तळाशी एक बारीक चमचा असतो, तो तेल उचलतो. तो वाकला किंवा उलटा बसला की रॉड उपाशी.

फार जुन्या इंजिनांत बेअरिंगच्या सुट्या वाट्या नसतात, रॉडमध्येच बॅबिट ओतलेलं असतं. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा हा मऊ मिश्रधातू आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये काढला. फट जुळवायला टोपीखाली पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या) घालतात. एखादी जास्त राहिली की ठोका, एक कमी झाली की जाम. इथे दोन्ही घराण्यांचं नातंही जुळतं. नॉकिंगचे घाव महिनोन्महिने सोसून बॅबिट चिरडतं. आगीने सुरू केलेला आवाज मग धातू पुढे चालवतो, आणि टायमिंग दुरुस्त केलं तरी थांबत नाही.

खरी फट मोजायला प्लास्टिगेज नावाचा मऊ प्लॅस्टिकचा धागा मिळतो. जर्नल तेल पुसून कोरडा करा, त्यावर धाग्याचा तुकडा आडवा ठेवा, टोपी ठरलेल्या टॉर्कला आवळा, क्रँक अजिबात फिरवू नका, टोपी काढा. धागा जितका चपटा तितकी फट कमी. पाकिटावरच्या पट्टीशी रुंदी जुळवायची. दहा मिनिटांचं काम आहे, आणि इंजिन बांधतानाच केलं तर हा सगळा लेख वाचायची गरज पडत नाही.

## जाड तेल टाकलं तर?

आवाज दबेल. आजार तसाच राहील. जाड तेल भरून ठोका कमी झाला, तर फट वाढली आहे असा निष्कर्ष काढा आणि तिथेच थांबा. थंड इंजिनात जाड तेल उशिरा पोचतं, म्हणजे जिथे आधीच दुखतंय तिथेच कोरडं राहतं.

## गाडी चालवावी की उभी करावी?

रॉड किंवा मेन बेअरिंगचा संशय असेल तर इंजिन बंद करा, घरापर्यंतसुद्धा नेऊ नका. रॉड तुटला तर ब्लॉकला भोक पाडून बाहेर येतो, आणि जुन्या गाडीचा ब्लॉक पुन्हा मिळत नाही. तेल गाळून बघा, फिल्टर असेल तर कापून उलगडा. चंदेरी चुरा चुंबकाला चिकटत नसेल तर तो बेअरिंगचा किंवा पिस्टनचा असू शकतो. वाट्यांच्या बेअरिंगांत तांबूस झाक दिसली तर वरचा थर संपून खालचा लागला आहे. नॉकिंग असेल तर टायमिंग तीन-चार अंश मागे घेऊन, चढावर खालचा गिअर टाकून शोध चालू ठेवता येतो.

आणि एक आवाज असा आहे की त्याचं बहुतेक वेळा काहीच करायचं नसतं. इंजिन थंड असताना पोकळ टप-टप येते आणि गरम होता होता विरते. पिस्टन सिलेंडरमध्ये सैल बुटातल्या पायासारखा डुलत असतो. खात्री करायची तर त्या सिलेंडरच्या प्लगच्या भोकातून चमचाभर जाड तेल सोडा. टप-टप थोडा वेळ गेली तर पिस्टनच. गजन पिन मध्यापासून किंचित बाजूला असलेले पिस्टन उलटे बसवले तरी हा आवाज येतो, तेव्हा डोक्यावरचा बाण पुढच्या दिशेला ठेवला होता ना, हे बांधणाऱ्याला विचारा. ठेवला असेल, आणि पिस्टन फोर्ज केलेले (दाबून घडवलेले) असतील, तर ते तापल्यावर जास्त फुगतात म्हणून त्यांना मुळातच सैल बसवलेलं असतं. इंजिन गरम होईपर्यंत सावकाश चालवा आणि रेडिओ लावा.